आईंचे बत्तीस साबण

गेल्या शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. भोईवाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका येणार होत्या... आणि वाण म्हणून आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वतः केलेला साबण देणार होत्या!

आई दादरच्या एका शाळेत केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होत्या. रिटायर झाल्यावर घरी साबण करायला लागल्या. चष्मा, ग्लोव्हज, खिडक्या सताड उघड्या... कॉस्टिक सोडा पाण्यात थोडाथोडा सोडायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, हे मी आता झोपेतही सांगेन.

ते पाणी निवलं की खोबरेल तेलात घालून पिठल्यासारखं दाट होईपर्यंत घोटायचं, वाळ्याचं अत्तर टाकून साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या आणि महिनाभर वाळू द्यायच्या. बत्तीस वड्या झाल्या. घरभर वाळ्याचा वास!

"थांब गं, अजून तपासायच्यात," आई म्हणत होत्या, पण मी हौसेने सगळ्या कागदात गुंडाळून रिबिनी बांधून मोकळी.

शनिवारी सकाळी आईंनी एक पुडी सोडली. वडीवर ओलं बोट फिरवून जिभेच्या टोकाला लावलं आणि करंट बसावा तशा दचकल्या... सोडा जास्त झाला होता. दुसरी, तिसरी, तेच. सगळा घाणाच बिघडलेला.

"कोण जिभेला लावून बघणार आहे, आई?" हो, हे मीच म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. "अगं, अंगाला तर लावणार ना?"

मग मी लालबागला धावले आणि स्टीलच्या वाट्या घेऊन आले. 'साबण अजून वाळायचेत' असं सांगायचं, हेही मनात ठरवून टाकलं.

संध्याकाळी खोली भरली आणि मी तोंड उघडायच्या आत आईच बोलल्या. "माझं सोड्याचं माप चुकलं. साबण अंगाला लावण्यासारखा नाही, म्हणून देत नाही." दोघीतिघी हसल्या. "बाजारात काय साबण कमी आहेत?" असंही कोणीतरी म्हणालं... माझी मान खाली.

तिसऱ्या मजल्यावरच्या फिलोमिना आंटी मात्र हसल्या नाहीत. उठून आईंचा हात धरला. "बरं झालं सांगितलंस गो. मी आमच्या बेबीला त्यानेच आंघोळ घालणार होते."

त्यांची नात चार महिन्यांची आहे.

काल आईंनी नवा घाणा घातला. सोडा त्यांनी तोलला, मग मला परत तोलायला लावला. वास आला म्हणून आंटी दारातून डोकावल्या आणि सांगून गेल्या, "पहिली वडी आमची हं!"

बिल्डिंगमध्ये कोणी विषय काढला की मी आता ताठ मानेने सांगते... हो, साबण बिघडला होता. आणि ते चारचौघींत उभं राहून सांगणारी माझी सासू आहे.