उडी मारणारा आकडा

मी खरं बोलत होते आणि कोणी मानलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ प्रोफेसर वामनरावांच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघी आकडेमोडीला होतो. मी, आणि मॅट्रिक झालेल्या मालतीबाई. दिवसभर नुसते आकडे! अशा जागी किस्से साठतात, बरणीच्या तळाला खार साठतो तसे.

*

कामावर घेताना वामनरावांनी विचारलं, "शिक्षण?"

"चौथी."

त्यांनी चष्मा काढला. म्हणजे नकारच. पण साडेतीनचा पाढा, आमची औटकी, मी छड्या खाऊन पाठ केलेली.

"बरं, सतरा औटके?"

"साडेएकोणसाठ!"

मालतीबाईंची पेन्सिल अजून कागदावरच होती.

"उद्यापासून या."

"उद्या कशाला? आलेय ना आता!" म्हटलं आणि पदर खोचला.

*

आकडेमोडीचं मशीन हातानं फिरवायचं. हँडल पुढे फिरवलं की बेरीज, मागे फिरवलं की वजाबाकी. भागाकारात एक फेरा जास्त झाला की टण्‌कन घंटा! पहिल्या आठवड्यात माझ्या इतक्या घंटा झाल्या, की शेजारच्या आजी वाटी घेऊन दारात हजर.

"आरती झाली ना गं? प्रसाद दे!"

मालतीबाई म्हणाल्या, "आजी, चूक झाली की वाजते ती."

आजींनी मशीन नीट पाहिलं. "मग एक आमच्या ह्यांच्या गळ्यात बांधा!"

*

एवढे आकडे कशाला, हे मी एकदा विचारलंच. वामनराव तासभर बोलले. अणूच्या गाभ्यावर लाट आदळते. एकेक ऊर्जा धरायची, लाट पायरीपायरीनं पुढे न्यायची, शेवटी ती किती सरकली तो आकडा वहीत लिहायचा. आकडे हळूहळू चढत जातात. पण एका ठरावीक ऊर्जेला लाट गाभ्यात अडकून घुमते, आणि तिथे आकडा उडी मारतो. ती ऊर्जा शोधायची, त्यासाठी हा खटाटोप.

"म्हणजे हंडा!" मी म्हटलं. "रिकाम्या हंड्यात तोंड घालून ओवी म्हणा. एकाच सुराला घुमतो, बाकीच्यांना ढिम्म."

ते तडक आत गेले, हंडा आणला, डोकं घातलं आणि आऽऽ सुरू!

आतून वहिनी ओरडल्या, "अहो, नळाला पाणी आलंय, हंडा द्या!"

हंड्यातून आवाज आला, "थांब गं, सापडतेय!"

*

वामनरावांचा नियम कडक. आकडा बदलला तर खोडायचं नाही. जुन्यावर एक रेघ, वर नवा आकडा, बाजूला कारण आणि सही. मालतीबाईंनी एकदा लिहिलं, "कारण: शिंक." वामनराव म्हणाले, "शिंका किती, तेही लिहा."

*

आता माझं ऐका. मालतीबाई डोंबिवलीला माहेरी गेलेल्या, ताळा बघायला दुसरं कोणी नव्हतं. एका ऊर्जेला माझ्या आकड्यानं टुणकन उडी मारली! तीनदा केलं, तीनदा तेच. वामनरावांना दाखवलं.

"इथे कशी येईल? उडी पुढे तीन पानांनंतर यायला हवी."

"पण आलीय!"

"चुकणारा माणूस एकच चूक तीनदा करतो, पार्वतीबाई."

आणि मला मशीनवरून उठवलं. पाच महिने नुसती नक्कल उतरवत बसले. हँडल दुसऱ्याच्या हातात बघवेना. परत आलेल्या मालतीबाई हळूच म्हणायच्या, "अहो, होतं असं कधी कधी." तेच जास्त झोंबायचं.

तीन पानं झाली, तेरा झाली. उडी कुठेच नाही.

मग एके दिवशी वामनरावांचे कॉलेजातले मित्र आले. त्यांनी बातमी आणली, परदेशात कोणी प्रयोग केला होता. गाभा घुमतो, आणि घुमतो तो बरोब्बर माझ्याच ऊर्जेला! वामनराव चहा तसाच टाकून उठले. वही उघडली. त्या ओळीत माझ्या आकड्यावर रेघ, आणि वर नवा आकडा गुळगुळीत, आजूबाजूच्या आकड्यांना शोभेलसा.

"हा आकडा कोणी बदलला?" ते गरजले. "दोन वर्षं मी हाच शोधतोय! ज्यानं बदलला, त्यानं पुन्हा या वहीला हात लावायचा नाही!"

मी कमरेवर हात ठेवून उभी. "बाजूला वाचा की. नियम आहे ना तुमचा!"

ते वाचेनात. शेवटी मालतीबाईंनी वही ओढली, आणि मित्रांच्या देखत खणखणीत वाचलं:

"कारण: पार्वतीबाईंचं लक्ष नव्हतं. सही: वामन."