नानासाठी न धुतलेली चादर

आमच्या घरात सहल कुठे काढायची हे बहुतेक वेळा तिथे खायला काय मिळतं यावरून ठरतं. पनवेलची फेरी मात्र एका फोटोवरून ठरली. फोटोत एक तांबूस कुत्रा होता. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेला, भिंतीकडे तोंड करून बसलेला, आणि मान वळवून फोटो काढणाऱ्याकडे "झालं का तुमचं?" अशा नजरेने बघणारा. खाली लिहिलं होतं: नाव नाना, वय अंदाजे नऊ, घर हवं आहे.

फोटो दाखवला मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने. आमची लेक शिकायला बाहेर, आम्ही दोघं सकाळी नऊला घराबाहेर पडतो, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, दिवसभर पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या. सोबत होईल, असं मिलिंदचं म्हणणं. आईंचं म्हणणं, "मी त्याचं काही म्हणजे काही करणार नाही हं. स्वयंपाकघरात आणि देवापाशी तर अजिबात नको." एवढं बोलून त्यांनी मिलिंदच्या हातातला मोबाइल घेतला आणि फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला.

कर्नाळ्याच्या अलीकडे एका गावाच्या कडेला हा निवारा आहे. तो चालवणाऱ्या सुनीताताई कामोठ्याला राहतात, निवृत्त शिक्षिका आहेत, आणि आवाज अजून वर्गातलाच आहे. फोनवर त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. प्राणी बघायला येण्याच्या आठ दिवस आधी घरातली एक चादर पाठवायची. घरातल्या प्रत्येकाने ती दोन-दोन रात्री पांघरलेली हवी, आणि ती धुवायची नाही. ती कुत्र्याच्या जागेत अंथरतात, म्हणजे माणसं येण्याआधी माणसांचा वास ओळखीचा होतो. मी इमानेइतबारे सगळ्यांना चादर पांघरायला लावली. कुरिअरच्या दिवशी माझी ऑफिसात मीटिंग होती, म्हणून बांधून पाठवायचं काम आईंवर सोडलं.

जानेवारीतला रविवार होता. साडेसहाला निघालो. घाटात धुकं होतं, आणि मिलिंद ट्रकच्या मागे शहाण्यासारखा चालवत होता. खालापूरला गरम वडापाव आणि चहा झाला. तुम्ही जाणार असाल तर पोटभर खाऊन घ्या, पुढे आत वळल्यावर काही मिळत नाही. शेडुंगला एक्स्प्रेसवे सोडायचा आणि पळस्पे फाट्यावरून डावीकडे गोवा महामार्गाला लागायचं. रस्त्याच्या कडेला बायका वालाच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. आईंनी गाडी थांबवायला लावून दोन किलो घेतल्या. भाव मला विचारू नका, आईंनी केलेली घासाघीस बघून मी काच वर केली होती. एसीचा वारा लागतो म्हणून त्या अंगावर त्यांची तपकिरी शाल घेऊन बसल्या होत्या. ती शाल सासऱ्यांनी महाबळेश्वरहून आणलेली. ती फक्त त्याच धुतात, तीही हाताने.

कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य आधी बघायचं असं ठरलं होतं, पण मी आत्ताच सांगून टाकते, आम्ही ते बघितलं नाही. तिघांनाही धीर नव्हता. दहा वाजता आम्ही निवाऱ्याच्या फाटकासमोर उभे होतो आणि आत पन्नासेक कुत्री एकदम भुंकत होती.

पत्र्याच्या लांब शेड, मधे शेणाने सारवलेलं अंगण, एका बाजूला मांजरांची जाळीची खोली. मांजरांना चादरीची पद्धत लागत नाही, ती स्वतःच माणूस पसंत करतात, असं ताई म्हणाल्या. एका डोळ्याची एक मनी लगेच मिलिंदच्या बुटावर जाऊन बसली, आणि पुढची दहा मिनिटं हा माणूस हलला नाही. चुलीपाशी हिराबाई भाताचं भलंमोठं पातेलं ढवळत होत्या. त्या गावातल्याच. निवाऱ्याची जागा त्यांच्या दिरांची, आणि कुत्र्यांना नावं ठेवण्याचा मान हिराबाईंचा. "तो नाना," त्यांनी पळीने दाखवलं. "आमचे घरचे नानासारका रुसून बसतंय."

नाना सगळ्यात टोकाच्या जागेत होता. आमची निळी चादर त्याच्या जागेत अंथरली होती. तो चादरीवर नव्हता. चादर सोडून, उघड्या लादीवर, भिंतीला चिकटून बसला होता. आम्ही जवळ गेलो तसा तो थरथरायला लागला.

ताईंच्या कपाळावर आठी पडली. "आठ दिवस झाले चादर येऊन. तोवर कुत्रं त्यावर झोपायला लागतं." मग त्यांनी आम्हाला बाकावर बसवून स्पष्टच सांगितलं. नाना दोनदा घरी गेला आणि दोनदा परत आला. पहिल्या घरी चार दिवस जेवला नाही. दुसऱ्या घरी जिन्यातच बसून राहिला. दोन्ही वेळा लोकांनी त्याला उचलून गाडीत घातलं होतं. "आता तिसऱ्यांदा परत आला तर मी त्याला पुन्हा पाठवणार नाही. मग तो मरेपर्यंत इथेच. म्हणून नियम केलाय, तो स्वतःहून जवळ यायला हवा आणि स्वतःच्या पायांनी गाडीत चढायला हवा. पाच वाजता जेवणं सुरू होतात, तोपर्यंत वेळ तुमचा. शनिवारी रोडपालीचं एक जोडपं येणार आहे, त्यांना शब्द दिलाय."

आम्ही सगळं करून बघितलं. मिलिंदने बिस्किट पुढे केलं. मी जमिनीवर बसून लाडीगोडी लावली, माझ्या तोंडून कधी न निघालेले आवाज काढले. नाना भिंतीत घुसायचा तेवढा बाकी राहिला. दुपारी महामार्गावरच्या एका खानावळीत जेवायला गेलो. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, वालाचं बिरडं, तिघांचं पाचशेत झालं. बिरडं फार सुरेख होतं आणि कुणीच नीट जेवलं नाही. आई तर खिडकीबाहेरच बघत बसल्या होत्या. मला वाटलं, यांना हायसंच वाटत असेल.

तीन वाजता परत आलो, तेव्हा ताई म्हणाल्या, "मला वाटतं त्याला तुम्ही नको आहात. वाईट वाटून घेऊ नका, होतं असं."

"त्याला चादर नको आहे," आई एकदम म्हणाल्या. "मी धुतली होती ती."

मी गर्रकन त्यांच्याकडे वळले.

"धुतली, जंतुनाशकात बुडवली आणि इस्त्री केली," आई ताईंकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. "परक्याच्या घरी मळकं कसं पाठवायचं? मला वाटलं, ही घाईत धुवायची विसरली. लोक म्हणतील काय घर आहे."

"अहो आई, मी दहा वेळा सांगितलं होतं!" मी सगळ्यांसमोर ओरडले. ओरडले हे लिहिताना आज लाज वाटते, पण तेव्हा डोक्यात तिडीकच गेली. मला खात्री वाटत होती की यांनी मुद्दाम केलं. ज्या बाई शेजारणीचा डबा परत करतानासुद्धा घासून, पुसून, वर चार लाडू घालून पाठवतात, त्या दुसरं काय करणार होत्या, हे मला नंतर सुचलं.

हिराबाईंनी चादर उचलून नाकाला लावली. "दवाखान्याचा वास येतंय! त्याला सुई दिली तवा असाच वास व्हता. तरी मी बोललू, ही चादर लई चकचकीत हाय. मना वाटला पुन्याची मानसा अशीच असतील."

ताईंना राग आला होता, पण त्या एवढंच म्हणाल्या, "खरं सांगितलंत ते बरं केलंत. पण दोन तासात मी काय करू शकते?"

आई गाडीकडे गेल्या, वालाच्या शेंगांची पिशवी काढली, हिराबाईंकडून एक परात मागून घेतली, नानाच्या जागेत शिरल्या आणि त्याच्याकडे पाठ करून लादीवर बसल्या. शहात्तराव्या वर्षी, गुडघे दुखत असताना. आणि शेंगा सोलायला लागल्या. एकदाही वळून बघितलं नाही. नेहमी दुपारी दूरदर्शनसमोर बसून भाजी निवडतात तशाच, स्वतःशी पुटपुटत, किडकी शेंग बाजूला टाकत.

आम्ही जाळीबाहेर उभे होतो. साडेतीन झाले, चार झाले. चार वाजून दहा मिनिटांनी नाना उभा राहिला. मिलिंदचा दंड मी घट्ट धरला होता. तो दोन पावलं पुढे आला, थांबला, परत गेला. पुन्हा आला. आईंच्या खांद्यावरून शाल घसरून मागे लादीवर पडली होती, तिच्या टोकाशी त्याने नाक नेलं. हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग पुढचे पाय दुमडून बसला आणि त्या शालीवर हनुवटी टेकवली. आईंचे हात थांबले नाहीत, फक्त पुटपुटणं थांबलं.

पावणेपाचला आई हळूच उठल्या, शाल हातात घेऊन फाटकाकडे चालू लागल्या. नाना मागून निघाला. पन्नास कुत्री भुंकत होती आणि हा शालीच्या मागे मागे चालत होता. आई गाडीत मागच्या सीटवर बसल्या, शाल शेजारी पसरली आणि म्हणाल्या, "चला नाना."

नानाने आत डोकावलं. पुढचा एक पाय गाडीच्या उंबरठ्यावर ठेवला. मग तो काढून घेतला आणि मातीत बसला.

पाच वाजले. शेडमध्ये थाळ्यांचा खणखणाट सुरू झाला, तरी तो तिथेच बसून होता, आत आईंकडे बघत. मिलिंदने हात पुढे केले. उचलून आत ठेवणं दहा सेकंदांचं काम होतं. आम्ही दोघांनी ताईंकडे बघितलं.

"नियम माझाच आहे," ताई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तर आज मोडते. इतका पुढे तो कुणाच्याच मागे आला नव्हता. पण परत आणलात तर पुढे मला विचारू नका."

"उचल रे मिलिंद," मी म्हणाले. हो, मीच म्हणाले.

"नको," आई म्हणाल्या. "त्याला दोनदा असंच उचलून नेलंय." त्या खाली उतरल्या, शालीची घडी केली आणि हिराबाईंच्या हातात दिली. "त्याच्या जागेत घाला. ती चादर टाकून द्या."

परतीचा घाट कसा चढलो ते आठवत नाही. लोणावळ्याला चहासाठी थांबायचं होतं, तेही थांबलो नाही. घरी आल्यावर आईंनी सोललेले वाल फ्रिजमध्ये ठेवले आणि झोपायला गेल्या. मी त्यांची माफी मागायला दारापर्यंत गेले आणि परत आले.

तो आठवडा वाईट गेला. शनिवारी नाना रोडपालीच्या जोडप्याजवळ गेला नाही, तर रविवारी पुन्हा आमची पाळी, असं ताईंनी फोनवर सांगितलं होतं. रोज हिराबाई मोबाइलवर फोटो पाठवायच्या. सोमवारी नाना शालीच्या शेजारी, मंगळवारी शालीवर, गुरुवारी शालीत नाक खुपसून झोपलेला. आई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "जेवला का?" शुक्रवारी मी आईंना म्हटलं, मी त्या दिवशी फार ओरडले, चुकलं माझं. त्या म्हणाल्या, "मग काय झालं, मी धुतलीच होती ना." आणि देवघराकडे जाणाऱ्या दारात मिलिंदकडून एक लाकडी फळी बसवून घेतली, नानाने ओलांडू नये म्हणून.

शनिवारी दुपारी ताईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"गेला हो नाना," ताई म्हणाल्या. "रोडपालीचे ते दोघं आले होते. मी त्यांना तुमच्या आईंसारखंच पाठ करून बसवलं. त्या बाईंनी चक्क लसूण सोलायला घेतला. दीड तासाने त्यांच्याजवळ गेला. त्यांच्या रिक्षात शाल अंथरली, तर स्वतः चढला. स्वतः! मी बारा वर्षं हे काम करते, पण आज रडले."

नाना घरी गेला होता. आमच्या नाही, पण घरी गेला होता. मला आनंद झाला आणि त्याच वेळी मला ताईंचा, त्या लसणाचा, सगळ्यांचा राग आला.

"एक विचारायचं होतं," ताई म्हणाल्या. "शाल आईंची आहे, मला माहीत आहे. मी कुरिअरने परत पाठवायला सांगते त्यांना. फक्त महिनाभर तरी त्याच्याजवळ राहू दिली तर..."

मी आईंकडे बघितलं. त्या ओट्याशी उभ्या होत्या. नानासाठी आणलेला नवा स्टीलचा वाडगा त्यांनी घासून पालथा घातला होता, तो उचलून पुसत होत्या. सासऱ्यांनी आणलेल्या वस्तू आमच्या घरात मोजक्याच उरल्यात.

"राहू दे म्हणावं त्याच्याकडेच," आई म्हणाल्या. मग हातातलं फडकं खाली ठेवून फोनच्या अगदी जवळ आल्या आणि पलीकडे ऐकू जात नसावं तशा मोठ्याने म्हणाल्या, "फक्त त्यांना सांगा, धुवू नका."