काट्यांच्या आतली करवंटी

भाट्याच्या खाडीपलीकडे घडलेली ती घटना मी विसरलेलो नाही. आणि इतर लोक ती ज्या तऱ्हेने सांगत फिरतात, ती तऱ्हा मला मान्य नाही. माझे एक निवृत्त सहकारी बैठकीत बसून सांगतात की भावाने भावाला झाडावरून ढकलले, आणि फौजदाराने दयेपोटी खून दडपला. एक शाळामास्तर म्हणतात, ते गावच दगडाच्या काळजाचे. हे दोघेही त्या जागी नव्हते. मी होतो.

एकोणीसशे तीसच्या पुढचीमागची गोष्ट. मी रत्नागिरीस फौजदार होतो. पावसाआधी शेत भाजतात, त्या भाजावळीसाठी झाडांचा कवळ, म्हणजे पालाफांदी, तोडण्याचे दिवस होते. दुपारी बाराच्या सुमारास पोलीस पाटलाचा माणूस धापा टाकीत ठाण्यात आला. "सायेब, बांधावरच्या ऐनाच्या झाडावरनं मानूस पडलाय. कमरेची कोयती मांडीत लागली. लय रगात जातंय."

मी त्याला एकच प्रश्न विचारला. "कुणी हात लावला काय?"

"न्हाय सायेब. तुमी सांगितलाव तसं काट्या टाकून ठेवल्यात."

"शाबास," मी म्हणालो, आणि स्टेशन डायरीत नोंद करायला बसलो.

ही शाबासकी फुकाची नव्हती. आदल्या वर्षी त्याच गावात विहिरीत प्रेत सापडले होते. मी पोहोचण्यापूर्वी लोकांनी ते काढून, आंघोळ घालून जाळलेसुद्धा. पुरावा गेला. मी दोघांना कोठडीत बसवले, पाटलाला चावडीपुढे उभे करून फैलावर घेतले आणि दवंडी पिटवली, की पोलीस येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, भोवती काट्या टाकून जागा राखायची. त्या हुकुमाचा मला अभिमान होता.

जमादाराला घेऊन तरीच्या होडीतून खाडी ओलांडली. दोन कोस चालून पोहोचेपर्यंत तीन वाजले. माणूस मेला होता. भोवती करवंदीच्या काट्यांचे नीट गोल कुंपण होते. बाहेर सगळे गाव मुकाट उभे होते. इतकी शिस्तीने राखलेली जागा मी नोकरीत पाहिली नव्हती. पंच बोलावले, पंचनामा केला. रक्ताचा डाग किती हात, कोयती कुठे, सारे लिहिले. 'डोक्याजवळ एक करवंटी, ओलसर' हेही लिहिले आणि पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी निनावी अर्ज आला. तो ऐन दोघा भावांच्या बांधावर होता, त्यावरून चार वर्षे भांडण चालले होते, आणि पडल्यावर पहिला पोहोचला तो धाकटा भाऊच. त्यानेच पाडले, असा मजकूर होता. मी धाकट्याला आणवले. माझे सहकारी म्हणतात की त्याला झोडपून बोलता केला. खोटे आहे. त्याला एक बोट लागले नाही. दोन दिवस तो भिंतीला पाठ लावून बसला आणि एवढेच म्हणाला, "माजा गुना हाय. कंचा ता इचारू नुका." अशा जबानीवर माणूस फासावर जातो. जमादार तर म्हणाला, "साहेब, आता उरलं काय? लिहून टाका कबुली."

मी लिहिली नाही. पंचनामा पुन्हा वाचायला घेतला. त्या करवंटीपाशी आलो आणि थांबलो. मेलेला माणूस पाणी पीत नाही.

"काट्यांच्या आत करवंटी कुणी ठेवली?" मी धाकट्याला विचारले.

तो एकदम माझ्या पायांवर पडला. "म्या, सायेब. दादा पानी मागत व्हता. सारकी हाक मारीत व्हता. काटी सारून दोन घोट दिले आनि परत लावली. तुमचा हुकूम मोडला. माजी बायको म्हनली व्हती, तुला नेतील."

"किती वेळ हाका मारत होता?"

"उन्हं डोक्यावर येईसर."

सकाळी दहाला पडलेला माणूस दोन तास जिवंत होता. काट्या टाकल्या गेल्या त्या जिवंत माणसाभोवती. झाडाखाली कवळ उचलणाऱ्या दोन बायांनी त्याचा पाय घसरताना पाहिला होता. पण त्याही पोलिसांच्या भयाने गप्प राहिल्या होत्या. त्यांच्या जबान्या घेऊन मी भावाला सोडले. हेच ते 'दडपणे'.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारले, तो वाचला असता काय? ते म्हणाले, "स्वच्छ फडक्याची जाड घडी जखमेवर ठेवून तळहाताने जोर लावून दाबायची. भिजली तरी उचलून बघायचे नाही, वर दुसरी ठेवायची आणि दाब सोडायचा नाही. पाय उंच ठेवून आडवे निजवायचे, आणि डोलीत घालून इकडे आणायचे. यात वैद्यकी कुठे आहे, फौजदार? एक लुगड्याचा पदर पुरला असता."

अहवालात मी हे सारे लिहिले, माझ्या दवंडीसकट. वरिष्ठांनी ती ओळ गाळायला सांगितली. मी गाळली नाही. बढती रखडली, तिची तक्रार नाही. त्यानंतर माझ्या हद्दीतल्या प्रत्येक चावडीवर मी स्वतः जमादाराच्या मांडीवर घडी दाबून दाखवली आणि नवी दवंडी पिटवली: आधी श्वास बघा, रक्त थांबवा; पंचनामा थांबेल. लोक माना डोलवीत. हात पुढे करताना मात्र माझ्याकडे बघत. एकदा बसलेले भय दवंडीने उतरत नाही, हे मी त्या चावड्यांवर शिकलो.

तेव्हा मास्तरांनी ते गाव दगडाचे म्हणू नये. दगड कुठे होता, ते मला ठाऊक आहे.

पंचनाम्यावर सह्या झाल्या, त्या वेळची एक गोष्ट मी अहवालात लिहिली नव्हती. मयताची बायको सकाळपासून काट्यांपाशी उभी होती. मी टाक पुसत असताना ती दोन पावले पुढे आली आणि खालच्या मानेने म्हणाली, "सायेब, आता हात लावू काय?"

मी म्हणालो, "लाव."