उन्हात वाळवलेले गुलाबी दगड

दगड घोटायचं यंत्र आमच्या पडवीत आलं तेव्हा जाऊबाईंनी विचारलं, यात पीठ दळायचं की ताक घुसळायचं. मी म्हटलं, दगड गुळगुळीत करायचे.

त्या म्हणाल्या, "मग नदीला काय झालं गं?"

त्यांचं खरं होतं. नदी हेच काम फुकटात करते. पण नदीला किती वर्षं लागतात ते कुणाला ठाऊक नाही, आणि यंत्राला सव्वा महिना लागतो. हे मला तेव्हा बोलता आलं नाही. मला उत्तर सुचतं ते भांडी घासून झाल्यावर.

यंत्र म्हणजे एक रबरी ड्रम आणि तो फिरवणारी छोटी मोटर. पळसदरीच्या धरणाच्या अलीकडे एका काकांचा बंगला होता, तिथे मी सात वर्षं स्वयंपाक आणि झाडलोट केली. काका निवृत्त झालेले, एकटेच. त्यांना दगडांचा छंद होता. मुंबईत कुणाकडून तरी ते गुलाबी दगडांची गोणी आणायचे. तुरटीच्या खड्यासारखे दिसणारे, फक्त गुलाबी. त्याला ते 'रोझ क्वार्ट्झ' म्हणत. ते ड्रममध्ये पाणी आणि खरखरीत पूड घालून आठवडाभर फिरवायचे, मग धुवायचे, मग त्याहून बारीक पूड, मग आणखी बारीक, आणि शेवटी चकाकीची पूड. काकांचे डोळे अधू झाले तेव्हापासून धुण्याचं काम माझ्याकडे आलं. जाड पुडीचा एक कण जरी ड्रममध्ये राहिला तरी शेवटी सगळ्या दगडांवर ओरखडे येतात. मी तांदूळ निवडते तसे एकेक दगड निवडून धुवायची. काका म्हणायचे, ताई, माझ्यापेक्षा तुमचा हात चांगला आहे.

मागच्या थंडीत त्यांची मुलगी त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी यंत्र, पुडीचे डबे आणि दोन गोण्या कच्चा दगड मला देऊन टाकला. मी विचारलं, विकले तर विकले जातील का? ते म्हणाले, विकायच्या भानगडीत पडू नका. कच्चा दगड मोठे व्यापारी ट्रकने आणतात आणि किलोवर विकतात, तुमच्या दोन गोण्यांना कोण विचारतो. घोटलेला जाईल थोडा, पण तुमची मेहनत निघणार नाही. आवडतं म्हणून करा.

हे मी ऐकलं आणि घरी येईपर्यंत ठरवलं की विकून बघायचं. आवडतं म्हणून करायला माझ्याकडे वेगळा वेळ कुठला. जे करायचं ते घरातल्या सगळ्यांसमोर, घरच्या विजेवर करायचं. मग त्याचं काहीतरी व्हायला पाहिजे.

पहिल्या घाण्यातच माझ्या हातून एक चूक झाली. ड्रममधला राखाडी गाळ मी मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी मोरी तुंबली. तो गाळ सिमेंटसारखा बसतो. आमचे हे टेंपो चालवतात, शिळफाट्याच्या बाजारात भाजी पोचवतात. ते पहाटेचे जायचे ते थांबले आणि लोखंडी सळईने मोरीतला गाळ फोडत बसले.  माझे दीर बघत उभे होते. ते म्हणाले, उद्या घर पण दगडाचं होईल. तेव्हापासून मी गाळ बादलीत निवळू देते, पाणी झाडाला घालते आणि खालचा थर घरामागच्या खड्ड्यात टाकते.

दुसरी अडचण अशी, की हा दगड दिसतो घट्ट पण आतून तडकलेला असतो. ड्रममध्ये एकमेकांवर आपटून कडा उडायच्या. काका मध्ये प्लॅस्टिकचे दाणे घालायचे, ते संपले होते. माझं माहेर पोशीरचं. तिथल्या भातगिरणीतून मी पिशवीभर तूस आणलं आणि शेवटच्या दोन फेऱ्यांना मूठमूठ घातलं. कडा उडायच्या थांबल्या. सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणत नाही, पण माझं भागलं.

रविवारी धरणाच्या रस्त्याला जाऊबाई बसतात. मक्याची कणसं, हंगामात करवंदं, जांभळं, पावसाळ्यात भजी. मी त्यांच्या शेजारी एका परातीत दगड मांडून बसले. एका बाजूला कच्चे, एका बाजूला घोटलेले. कच्च्याला कुणी हात लावला नाही. एका माणसाने उचलून बघितला आणि मोबाईल दाखवून म्हणाला, हा तर इथे याच्या निम्म्याने मिळतो. मी मान हलवली. काकांनी सांगितलंच होतं. पण घोटलेला दगड एकदा हातात घेतला की माणसं तो लगेच खाली ठेवत नाहीत, अंगठ्याने चोळत उभी राहतात. तेव्हा मला कळलं की माझ्याकडे विकण्यासारखं काय आहे.

बोलायचं काम जाऊबाई करायच्या. गिऱ्हाईक आलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. जाऊबाई सांगायच्या, हा याच डोंगरातला दगड हाय, घरात ठेवला की नवराबायकोचं पटतं. मी हळूच म्हणायची, आपल्या डोंगरात काळा दगड आहे, गुलाबी नाही. त्या म्हणायच्या, "तू गप बस गं. तुझं पटतं ना नवऱ्याशी? मग झालं."

होळीच्या सुमाराला एक मॅडम आल्या. धरणाच्या पलीकडे त्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला घेतल्या होत्या. प्रत्येक पाहुण्याला जाताना एक दगड हातात द्यायचा असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी पन्नास सांगितले. म्हणाल्या, सगळे असेच गुलाबी हवेत, जूनच्या आधी. मी मान हलवली. हो, हे तोंडाने जाऊबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात घरात फ्रिजचं निघालं. दिरांचं म्हणणं, पावसाळ्यात माणूस वाढतं, थंड बाटल्या ठेवल्या तर भज्याबरोबर खपतील. फ्रिजला जागा एकच, पडवीतला कोपरा, जिथे माझा ड्रम होता. तिथेच विजेचं बटण आहे. ड्रमची घरघर चोवीस तास चालते, त्याचाही सगळ्यांना कंटाळा आला होता. दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत. ते आमच्या यांना म्हणाले, तिचं ते पन्नास दगडांचं काम होतंय का बघू. झालं तर फ्रिजला दुसरी सोय करू. नाही झालं तर यंत्र देऊन टाका कुणाला तरी.

म्हणजे पन्नास दगडांवर ड्रमची जागा ठरली. ते ऐकून मला बरंच वाटलं. निदान काय करायचं ते कळलं होतं.

एक घाणा आधीचा होता, त्यातले बरे निवडले. दुसरा लावला. चैत्र आला, घराघरात वाळवणं सुरू झाली. आमच्या घराच्या धाब्यावर कुरडया, पापड, मिरच्या, डाळ. मी एका जुन्या लुगड्यावर दगड पसरले. ओल्या दगडाची चकाकी खोटी असते, तो पुरता सुकल्यावरच खरं दिसतं. आणि लहानपणापासून मला एकच शिकवलेलं, वस्तूला ऊन दाखवलं की ती टिकते. भात, गोधडी, चिंच, बाळंतिणीची वाकळ, सगळं आम्ही उन्हात घालतो. एक दिवस घातलं तर चांगलं आणि महिना घातलं तर आणखी चांगलं. मी रोज सकाळी धाब्यावर जायची, पापडांबरोबर दगडही उलटायची, सगळीकडून ऊन लागावं म्हणून. लुगड्याचा रंग विटला ते मला दिसलं. दगडांचं दिसलं नाही, कारण रोज बघणाऱ्याला दिसत नाही.

वैशाख संपता संपता मोजायला म्हणून सगळे गोळा करून खाली आणले. पहिल्या घाण्यातला एक दगड मी बांगड्यांच्या डब्यात ठेवला होता, माझ्यासाठी. सहज तो काढून त्यांच्यात ठेवला. तो पिकल्या पेरूच्या गरासारखा गुलाबी होता. बाकीचे धुतल्या तांदळासारखे.

मी काकांना फोन लावला. त्यांनी विचारलं, किती दिवस उन्हात होते? मी सांगितलं.  ते म्हणाले, ताई, याचा रंग उन्हाने उडतो, मी सांगायला हवं होतं. मला एकदम त्यांचं लाकडी कपाट आठवलं. दगड ते कायम बंद खणात ठेवायचे. सात वर्षं मी समजत होते की माझ्यावर भरवसा नाही म्हणून.

जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी दगड हातात फिरवला आणि म्हणाल्या, हाच पुढे करायचा. म्हणायचं, हा वरच्या जातीचा, पांढरा, याचा गुण जास्त. मी नाही म्हटलं. त्या चिडल्या. "अगं, तुझा ड्रम वाचतोय ना? कुणाला कळणार हाय?"

मला कळणार होतं. पण तेवढंच नव्हतं. ते दगड पाहुण्यांच्या घरी जातील, खिडकीत ठेवले जातील, आणि जी थोडी गुलाबी झाक उरली आहे तीही जाईल. मग मॅडम म्हणतील, त्या बाईने फसवलं. मी त्याच रस्त्याला दर रविवारी बसणार.

मॅडम रविवारी आल्या. मी जाऊबाईंच्या आधी उठून उभी राहिले. एका हातात डब्यातला दगड आणि एका हातात धाब्यावरचा. दोन्ही त्यांच्यासमोर धरले आणि बोलले. "हा पण असाच होता. मी उन्हात वाळवले, म्हणून रंग गेला. चूक माझी आहे. तुम्ही सांगितलेले हे नाहीत."

त्यांनी दोन्ही दगड घेऊन बघितले. म्हणाल्या, तुम्ही बोलला नसता तर मी हेच नेले असते. मग त्यांनी ते परातीत ठेवले. जूनपर्यंत नाहीत ना, मग मी दुसरं काहीतरी बघते, म्हणाल्या, आणि गाडीकडे निघाल्या.

मी मागून हाक मारली. रस्त्यावर अनोळखी माणसाला हाक मारायची माझी ती पहिलीच वेळ. म्हटलं, "गणपतीच्या आधी पन्नास देते. सगळे गुलाबी. मीच घेऊन येते." त्या वळल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. आणा, बघू, एवढंच.

जाऊबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना दीर आमच्या यांना म्हणाले, बुधवारी फ्रिज येतोय. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी भाकरी वाढत होते. तवा खाली उतरवला आणि त्यांनाच म्हटलं, "फ्रिज येऊ द्या, भाऊजी. पडवी तुमची. मी ड्रम गोठ्यात नेते."

गोठा रिकामाच होता. बैल विकून तीन वर्षं झाली. छपराला भोकं, जमीन ओली, वीज नाही. दीर म्हणाले, तिथे वायर कोण नेणार. आमचे हे इतका वेळ जेवत होते. ते म्हणाले, मी नेतो.

मी दोन दिवस गोठा झाडला, खालून दगडी फरशा घातल्या, वरून प्लॅस्टिक बांधलं. मोटरसकट ड्रम उचलायला दोन माणसं लागतात. मी एका बाजूने धरला तर दुसऱ्या बाजूला जाऊबाई येऊन उभ्या राहिल्या. अर्ध्या वाटेवर टेकवला तेव्हा दम खात म्हणाल्या, "नदीच बरी होती गं. तिला उचलावं लागत नाय."

गोण्यांमधला कच्चा दगड अंधारात पडून होता, त्याचा रंग शाबूत होता. ज्याला कुणी विचारलं नाही तोच कामाला आला. पावसात वीज जायची, सव्वा महिन्याचा घाणा दीड महिन्याने निघायचा. धुतलेले दगड या वेळी फडक्याने पुसले, घरात सावलीत सुकवले आणि तुसात घालून डब्यात ठेवले. पांढरे पडलेलेही फेकले नाहीत. शेवटच्या फेरीला त्यातले लहान लहान ड्रममध्ये भर म्हणून घालते. नव्या दगडांच्या कडा त्यांच्यामुळे वाचतात.

गणपतीच्या चार दिवस आधी मी चालत मॅडमकडे गेले. फाटकाशी बराच वेळ उभी होते. मग कडी वाजवली. त्यांनी सगळे दगड टेबलावर ओतले, एकेक बघितला आणि तीस ठेवून घेतले. एवढे आत्ता पुरतील, बाकीचे दिवाळीला आणा म्हणाल्या. पन्नास नाही, तीस. मी पिशवीत वीस परत घेऊन आले.

हे परवडतं का, असं आता मला शेजारणी विचारतात. मी खरं सांगते. कच्चा दगड विकायला बसू नका, आपल्यासारख्याचं ते काम नाही. घोटलेला जातो, पण हळू. पूड संपली की मुंबईहून मागवावी लागते, वीज लागते, आणि धुण्याचे तास मोजले तर त्यापेक्षा भात लावायला गेलेलं बरं. ज्याला घरातलं सगळं काम सोडून हेच करायचंय त्याने करू नये. मी भाकऱ्या, शेण-सारवण, बाजार सगळं करून करते आणि करणार आहे. दुसरी गोणी अजून अर्धी आहे. ती संपेपर्यंत पुढच्या गोणीचे पैसे या दगडांतूनच निघाले पाहिजेत, घरातून एक रुपया घ्यायचा नाही, असं मी ठरवलं आहे.

जाऊबाई आता फ्रिजमधल्या बाटल्याही विकतात आणि माझे दगडही. नवराबायकोचं पटतं हे त्यांनी सोडलेलं नाही. पण दगड कागदात बांधून देताना पुढे एक वाक्य जोडतात, ते मी शिकवलेलं नाही. परवा एका जोडप्याला म्हणाल्या, "घरात ठेवा, उन्हात नाय. पांढरा पडला तर आमच्याकडं येऊ नका. आमी सांगून दिलाय."