निळ्या धुळीचा खोकला

कॅम्प तीन वस्तीतल्या जीन्स कारखान्यात बायका गोणपाटावर बसून पँटींचे धागे कापतात. निळी धूळ उडते ती नाकात, पदरात, डब्यातल्या भातातसुद्धा. म्हणून तिथं खोकल्याला कोणी दचकत नाही. "धूळ बसलीय गं, गूळ खा," की झालं औषध.

रंजनानेही दोन महिने गूळच खाल्ला. गूळ संपला, अंगावरचं मांस संपत आलं, खोकला काही संपेना. तपासणीत टीबी निघाला. सहा महिने गोळ्या गिळून बाई ठणठणीत झाली. कारखान्यात मात्र तिनं ठोकून दिलं, "भावाकडे राहिले होते."

आता तिच्या शेजारी बसून धागे कापणाऱ्या जनाबाईला महिनाभर खोकला. सरकारी दवाखान्याची आशाताई तेजल टीबीचं पोस्टर घेऊन आली, तर जनाबाई म्हणाली, "अगं, ही चित्रातली बाई केवढी गुटगुटीत! हिला कधी पडसं तरी झालंय का?" बायका खो खो हसल्या. तेजल बिचारी पोस्टर गुंडाळायला लागली.

रंजनानं जनाबाईकडे पाहिलं. बोललं तर उद्या शेजारी कोण बसणार? पाण्याचा ग्लाससुद्धा वेगळा करतील. आणि न बोललं तर ही म्हातारी गूळ खात बसणार.

ती उठून उभी राहिली. "मला झाला होता टीबी."

सगळ्या कात्र्या थांबल्या.

"भावाकडे गेलेच नव्हते मी. मलाही धूळच वाटली होती. पण धुळीचा खोकला सुट्टीच्या दिवशी जरा दम घेतो, माझा घेत नव्हता. मावशी, तुमचा घेतो का?"

जनाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे माझं लोणचं खात होतीस, आणि एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवलीस?"

"बरी झाल्यावरच खाल्लं हो. आधी जिभेला चव कुठे होती!"

पहिली हसली ती जनाबाईच. "दे गं तेजल, थुंकी तपासायची डबी. ही रंजी एवढी टुणटुणीत झाली, तर मला काय धाड भरलीय!"

तिच्यामागून पाच जणींनी हात पुढे केले. तेजलकडच्या डब्या कमी पडल्या.

जनाबाईला टीबी निघाला, पण वेळेत निघाला. औषध लागू पडलं. पुढच्या कारखान्यात जाताना तेजलनं पोस्टर घरीच ठेवलं आणि रंजनाला सोबत घेतलं. निघताना जनाबाईनं हाक मारली, "रंजे, तिथं माझंही सांग. नाव घेऊन सांग. आणि म्हातारी म्हणालीस तर बघ!"