घोषणाबाईची भाची

बसस्थानकावर सगळे तिला घोषणाबाई म्हणत. चेहरा फारसा कुणाला माहीत नव्हता, पण आवाज साऱ्या गावाच्या ओळखीचा. बाजारात तिने "दोन किलो बटाटे द्या" म्हटलं, तरी आजूबाजूचे एकदोघे नकळत पिशव्या उचलत. नवरा म्हणे, "तू जेवायला हाक मारलीस तरी गाडी चुकेल की काय असं वाटतं मला."

अशा बाईची सख्खी भाची मात्र मुकी झाल्यासारखीच होती. जीभ शाबूत होती, बोलणं तेवढं मोबाइलमध्ये गेलं होतं. नववीत वर्गासमोर वाचताना ती अडखळली, पोरं खो खो हसली, आणि त्यानंतर तिने शाळेचं तोंड पाहिलं नाही. आता सोळावं लागलं होतं. दार बंद, पडदे बंद, रात्रंदिवस डोळे स्क्रीनवर. भूक लागली की शेजारच्या खोलीतल्या आईला मेसेज. आईने एकदा मोबाइल हिसकावून घेतला, तर पोरीने अन्नाला शिवणंच सोडलं. शेवटी बहिणीने हात टेकले. "ताई, माझ्यामागे हिचं कसं होणार गं?"

घोषणाबाईकडे उपदेशाला लागतो तसा आवाज होता. तरी तिने दाराबाहेरून एवढंच विचारलं, "माझ्या केबिनमध्ये येतेस? मागून दार आहे. काळी काच आहे, आपल्याला सगळे दिसतात, आपण कुणाला दिसत नाही. मोबाइल आण खुशाल."

उत्तर मेसेजनेच आलं. 'कुणाशी बोलावं लागणार नाही ना?'

"बोलायचा पगार मला मिळतो. तू नुसती बस."

ती आली. डोक्यावर टोपी ओढून, कोपऱ्यातल्या स्टुलावर, नाक मोबाइलमध्ये खुपसून. कित्येक दिवस असेच गेले. मग हळूहळू मोबाइल मांडीवर तसाच पडून राहू लागला आणि नजर काचेकडे जाऊ लागली. एकदा ती आपणहून म्हणाली, "मावशी, त्या निळ्या छत्रीवाल्या काकू कुठंच जात नाहीत. त्यांचा मुलगा ड्रायव्हर आहे. डबा देतात, त्याची कॉलर नीट करतात नि परत जातात."

घोषणाबाई थक्क झाली. या माणसांना ती इतकी वर्षं नुसतं सांगत आली होती. ही पोरगी त्यांना बघत होती.

मग एका दुपारी ऐन वेळी फलाट बदलला. चार नंबरच्या फलाटावरची गाडी सातवर लागली. घोषणा होताच सगळी गर्दी सामान घेऊन तिकडे धावली. चारच्या बाकावर एक आजोबा तेवढे बसून राहिले, दवाखान्याची पिशवी छातीशी धरून.

"मावशी, त्यांना ऐकू येत नाहीये," भाची म्हणाली. "मघापासून एकदाही मान वर केली नाही त्यांनी."

त्यांच्या गावाला पुढची गाडी थेट दुसऱ्या दिवशी होती. घोषणाबाईने जन्मभर केलं तेच केलं, आणखी मोठ्याने सांगितलं. मग कंडक्टरला थांबायला सांगितलं. पण गाडीचं इंजिन सुरू झालेलं, त्या घरघरीत ऐकतो कोण! ती उठायला वळली, तर स्टूल रिकामं होतं.

भाची बाहेर, भर गर्दीत, आजोबांसमोर उभी होती. तिने तोंड उघडलं, मिटलं. आजोबा नुसते बघत राहिले. पोरीचे खांदे आक्रसले. आता ही पळून येणार, आणि पुन्हा त्या खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही, असं मावशीला वाटलं. पण पोरीने खिशातून मोबाइल काढला, भराभर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन आजोबांच्या डोळ्यांपुढे धरली. आजोबा धडपडत उठले. तिने एका हातात पिशवी घेतली, दुसऱ्या हातात त्यांचा हात.

सातवरून गाडी हलली. पोरीने मान उंच केली आणि तिचं तोंड भलं मोठं उघडलं. जाड काचेमागे मावशीला काहीच ऐकू आलं नाही. पण फलाटावरच्या सगळ्या माना एकदम वळल्या आणि गाडी थांबली.

घोषणाबाई आ वासून बघत राहिली. डोळे भरून आले होते, पुढच्या गाडीची घोषणा राहून गेली होती आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. बाहेर लोक गोंधळून इकडेतिकडे बघत होते. कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने पोरीला काहीतरी विचारलं. पोरीने एकवार काळ्या काचेकडे पाहिलं. तिथे तिला कुणी दिसणार नव्हतं. मग ती त्या बाईकडे वळली आणि सांगू लागली.