दगडाखालची बिऱ्हाडं

मॅडम कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी ती उलटी करत. वांगं असो, स्टीलची ताटली असो, नाहीतर शाळेत नवी आलेली खुर्ची असो. बाजारातली भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "बाई, वांगं हाय ते, लुगडं न्हाई उलटं करून बघाया." मॅडमनी वांगं शांतपणे फिरवून पाहिलं आणि नेहमीचं वाक्य ऐकवलं, "वरून सगळंच चांगलं दिसतं, मावशी. खालून बघावं."

भाजीवालीला ठाऊक नव्हतं, पण ती बरोबर बोलली होती. मॅडमचं घराणं बीडमधल्या लिंगायत कापडवाल्यांचं. कापड उलटं करून वीण बघायची सवय वडिलांच्या दुकानात लागली, आणि ती सोबत घेऊनच त्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आल्या. लग्न त्यांनी केलं नाही. मी एकदा चेष्टेत म्हणालो, "स्थळंही खालून बघितली असतील तुम्ही." त्या म्हणाल्या, "बघितली ना. म्हणूनच." पुढं विचारायची माझी छाती झाली नाही.

आमचं गाव लिंबागणेशच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि मॅडमच्या शेजारच्या खोलीत राहायचो. शाळेच्या मागून ओढा जातो. डोंगरातल्या एका झऱ्यातून तो निघतो, पावसाळ्यात भरून वाहतो आणि संक्रांतीच्या आसपास आटतो. मग फक्त झऱ्यापाशी ओल राहते. गावच्या नळयोजनेची विहीर या ओढ्याच्याच काठावर आहे.

रविवारी सकाळी मॅडम कॅनव्हासचे जुने बूट चढवून, पदर खोचून ओढ्यात उतरत. वाकून एखादा दगड उचलायचा, उलटा करायचा, चष्मा नाकावर ढकलून बघत राहायचं. मागून कुणी हाक मारली तर ऐकू जात नसे. गाव त्यांना पाठीमागं किडेबाई म्हणायचं. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

मीही कधीमधी बरोबर जायचो. खरं सांगायचं तर त्यानंतर मिळणाऱ्या आल्याच्या चहासाठी जायचो. दगडाच्या पोटाला काय काय चिकटलेलं असे! तीन शेपट्यांचा एक चपटा जीव, पाण्यावर भिरभिरणाऱ्या चतुराची आखूड, बोजड पिल्लं, आणि मॅडमचा सगळ्यात लाडका, घर बांधणारा किडा. वाळूचे कण एकाला एक चिकटवून त्यानं बोटाच्या पेराहून लहान नळी केलेली असे आणि स्वतः आत. "बघा सर, गवंडी नाही, सिमेंट नाही," मॅडम म्हणत, "आणि भिंत कशी!"

हे जीव वाहतं, स्वच्छ पाणी असेल तरच राहतात, असं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी मराठीचा मास्तर असूनही पाठ झालं. पाणी बिघडलं की हे आधी जातात, मागं उरतात गाळातल्या लाल अळ्या आणि डास. "बाटलीत भरून पाणी बघितलं तर ते आजचंच दिसतं. हे इथं महिनोन् महिने राहतात, यांना मागचंही माहीत असतं." एवढं बोलून झालं की दगड होता त्याच जागी, होता तसाच ठेवायचा, शेवाळाची बाजू वर. मी एकदा दगड असाच पाण्यात टाकला, तर केवढ्यानं ओरडल्या. "सर, छप्पर आहे ते कुणाचं तरी!"

गावात आप्पा नावाचे एक पुढारी. त्यांनी विहिरीच्या जरा वर कोंबड्यांची मोठी शेड बांधली आणि शेड धुतलेलं पाणी ओढ्यात सोडायला चर खणायला घेतला. मॅडम ग्रामसभेत उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. म्हणाल्या, "ओढा जिवंत आहे. हे पाणी त्यात गेलं तर ओढा जाईल आणि मग विहीर जाईल. चर दुसरीकडं वळवा."

आप्पा हसून म्हणाले, "ओढा कुठला हो मॅडम? नाला हाय त्यो. नाल्यात सांडपानी न्हाई सोडायचं तर काय गुलाबपानी सोडायचं?"

सभा हसली. मॅडम हसल्या नाहीत. शेवटी असं ठरलं की तालुक्याच्या साहेबांना बोलवायचं. मॅडमनी त्यांना ओढ्यातले जीव दाखवायचे आणि साहेब सांगतील तसं करायचं. त्या आठवड्यात मॅडम वर्गातसुद्धा जरा घाईनं शिकवत होत्या. त्यांना मी इतकं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. निवृत्ती जवळ आली होती, आणि आपल्यामागं या पाण्यासाठी भांडणारं कुणी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

साहेब यायच्या दिवशी आम्ही दोघं लवकर ओढ्यावर गेलो. काठावर पंचायतीचा शिपाई महादू उभा होता. विहिरीत पाणी शुद्ध करायची पावडर टाकणं, नळ सोडणं ही त्याची कामं. त्याच्या मुलीला मॅडमनी घरी बसवून शिकवलं होतं, ती आता लातूरला नर्स आहे. महादू मॅडमना देव मानायचा. त्या दिवशी त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"मॅडम, बिनघोर ऱ्हावा," तो म्हणाला. "येक किडा न्हाई ठिवला."

मॅडमना आधी कळलं नाही. मग वाऱ्याबरोबर वास आला. विहिरीत पावडर टाकल्यावर येतो तोच, पण डोळ्यांत पाणी आणणारा.

"काय केलंस महादू?"

"सांजच्याला आख्खं पोतं सोडलं पावडरचं. त्या बाभळीपासून पार खालपर्यंत."

मॅडम शाळेतली भाषा विसरल्या. "कावून रे?"

"आता काय मॅडम! साहेब वड्यातले किडे बघाया येनार म्हनले. तुमी इतके दिस सांगताव वडा चांगला हाय, आन् त्येन्ला किडे घावले तर? तुमचीच फजिती की!"

मला महादूच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मॅडमनी खाली वाकून एक दगड उलटा केला. घरं होती, पण आतले जीव मऊ पांढरे पडले होते. त्यांनी दुसरा दगड उलटला नाही. तो पहिला मात्र होता तसा परत ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पावडरीमुळं नव्हतं.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. मागं आप्पा, सरपंच आणि निम्मं गाव. साहेब भले होते. पँटची टोकं दुमडून स्वतः पाण्यात उतरले, चार दगड बघितले. "मॅडम, इथं जिवंत काहीच नाही."

"मी काय म्हनलो व्हतो?" आप्पा म्हणाले.

साहेबांनी हवेत हुंगून बघितलं. "पावडरीचा वास येतोय. कुणी टाकली?"

महादूनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. आपलं काय चुकलं ते त्याला अजून नीट कळलं नव्हतं, पण चुकलंय एवढं कळलं होतं. सरपंच त्याच्याकडं बघू लागले. त्याची नोकरी त्या एका उत्तरावर होती आणि मॅडमचा ओढाही.

"गावानं टाकली, साहेब," मॅडम म्हणाल्या. "पाण्याच्या काळजीनं टाकली. बाभळीच्या वर टाकलेली नाही. तिकडं चला."

वरची वाट म्हणजे काटे आणि सुटे दगड. मॅडमचे गुडघे तेव्हा दुखायचे, त्या झऱ्याकडं बऱ्याच दिवसांत गेल्या नव्हत्या. तिथं आता काय असेल ते त्यांनाही माहीत नव्हतं. महादूनं हात पुढं केला, तो त्यांनी धरला.

झऱ्याखालचा पहिला दगड रिकामा निघाला. आप्पा खाकरले. मॅडमनी दगड जागेवर ठेवला, दोन पावलं पुढं सरकल्या, दुसरा उचलला आणि साहेबांपुढं धरला. साहेबांनी वाकून बघितलं. वाळूची एक नळी सावकाश पुढं सरकत होती. नळीच्या तोंडातून बारीक पाय बाहेर आले होते.

"हलतंय की हे!" साहेब म्हणाले.

"घर घेऊन फिरतो तो," मॅडम म्हणाल्या. "वरचं आणि खालचं पाणी एकच आहे, साहेब. खालचे काल मेले. हे राहिलेत."

साहेबांनी उकिडवं बसून आणखी एक दगड स्वतः उलटून बघितला. मग उठून आप्पांना म्हणाले, "तुमचं पाणी तुमच्याच रानात खड्डा काढून जिरवा. ओढ्यात थेंब येता कामा नये." आप्पा चार दिवस घुश्शात होते. पुढं त्या खड्ड्याभोवती त्यांनी लिंबं लावली, आता तीच सगळ्यांना कौतुकानं दाखवतात.

उतरताना मॅडम महादूला म्हणाल्या, "ज्यांना दाखवायचं होतं त्यांनाच मारलंस बाबा."

"माफी करा मॅडम. आता ते पुन्ना न्हाई का यायचे?"

"येतील. वरचे वाहत खाली येतात. तू फक्त वाट मोकळी ठेव. आणि बघत जा. खालून बघ."

पण तेव्हा ओढ्याची धार बारीक झाली होती आणि लवकरच तुटली. मॅडम तरीही रविवारी डबक्यातले दगड उलटून बघायच्या, रिकामे असले तरी नीट ठेवायच्या. उन्हाळ्यात त्या निवृत्त होऊन धाकट्या भावाकडं बीडला गेल्या. बूट माझ्या पडवीतल्या खुंटीला टांगून गेल्या. "पाऊस झाला की येते. कुणी आलंय का ते बघायचंय."

जूनमध्ये झोपेतच गेल्या. महादू आणि मी बीडला जाऊन आलो. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणं त्यांना बसलेल्या स्थितीत मातीत ठेवलं. परतताना एसटीत महादू खिडकीला डोकं टेकून रडत होता. मीही रडलो.

नवरात्राच्या सुमारास, ओढा खळखळत असताना, महादू माझ्या दारात आला. अंगावरचे कपडे गुडघ्यापर्यंत ओले. "सर, चला." बाभळीच्या खाली, जिथं त्यानं पोतं ओतलं होतं तिथंच, त्यानं एक दगड दोन्ही हातांनी उचलून उलटा केला. वाळूची लहान लहान घरं चिकटली होती. एकाच्या तोंडाशी पाय हलत होते.

"आले," महादू म्हणाला. मग माझ्याकडं वळून घाईघाईनं, "सर, मॅडमला फोन..."

आणि थांबला. पाणी त्याच्या मनगटांवरून वाहत होतं. मग त्यानं दगड हळूच खाली नेला, शेवाळाची बाजू वर आहे ना ते बघितलं, आणि नीट बसलाय का ते हातानं हलवून पाहिलं.